सिरिलच्या खुर्चीशेजारून

निदर कॉम्बली,
सोमवार, ३० नोव्हेंबर १९९८

प्रिय हेस्टरताई,

नमस्कार तर आहेच, पण आधी तुझ्या कमरेची चौकशी. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली आणि तू ती फक्त बोक्यावर उगारतेस, असं गेल्या पत्रावरून दिसलं. म्हणजे कंबर आणि बोका दोघंही धडधाकट असावेत. तू पाठवलेला मुरंबा पोहोचला. बरणीचं झाकण तीन आठवडे निघत नाहीये, त्यामुळे चव कळवता येत नाही, पण काचेतून रंग फार सुरेख दिसतो. माझी प्रकृती उत्तम. गुडघा कुरकुरतो, पण चाळीस वर्षं लोकांच्या पियानोंखाली रांगून ते सुरात लावले, त्याची एवढी दक्षिणा मिळायचीच. बाकी इकडे विशेष काही नाही. टीव्हीवरच्या मालिकेबद्दल चार ओळी लिहाव्यात, एवढ्यासाठीच हे पत्र.

दर रविवारी संध्याकाळी आठला मी शेजारच्या मिसेस हार्बॉटलकडे मालिका बघायला जातो, हे तुला ठाऊक आहे (आणि तो विषय निघाला की तू जी खाकरतेस, तेही मला ठाऊक आहे). कारण एवढंच, की त्यांचा टीव्ही मोठा आहे. जुन्या कादंबऱ्यांवरच्या मालिका लहान पडद्यावर बघण्यात अर्थ नसतो, बायकांच्या टोप्याच मावत नाहीत. मिसेस हार्बॉटल शाळेत शिवण शिकवायच्या, त्यामुळे १८२० सालच्या झग्याला मशीनची शिलाई दिसली की त्यांना ठसका लागतो. मी पियानोवाला, त्यामुळे दिवाणखान्यातल्या नाजूक जुन्या पियानोतून आजकालच्या पियानोचा दणदणीत आवाज आला की माझे दात आंबतात. आम्ही दोघं मिळून कुठल्याही मालिकेचं वाटोळं करू शकतो, पण ती संपल्यावर. चालू असताना अवाक्षर नाही, हा नियम. किटली चढवायची तीही शेवटची नावं वर सरकायला लागल्यावर, मग चहा, प्रत्येकी दोन आल्याची बिस्किटं, पाऊण तास टीका, आणि "बरंय मिसेस हार्बॉटल," "बरंय मिस्टर पेटिफर," की मी घरी. अकरा वर्षं झाली. (मालिकेतली माणसंसुद्धा पाचव्या भागात एकमेकांना नावाने हाक मारू लागतात. पण त्यांना सहाच भाग मिळालेले असतात.)

बसायच्या जागेबद्दलही सांगायला हवं. त्यांच्या बैठकीत टीव्हीसमोर एक कोच आहे, तो त्यांचा. त्याला लागून एक हिरवी गुबगुबीत खुर्ची आहे, ती सिरिलची. सिरिल म्हणजे त्यांचे यजमान. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांना जाऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे त्या खुर्चीत बसणं बरं दिसलं नसतं. मी जेवणाच्या टेबलाजवळची लाकडी खुर्ची ओढून कडेला बसलो. त्या काही म्हणाल्या नाहीत, म्हणून पुढच्या रविवारीही तीच ओढली. आपल्या लोकांचं तुला माहीतच आहे. एखाद्या जागेवर दोनदा बसलं की ती सातबाराच्या उताऱ्यावर चढल्यासारखी कायमची आपली. तिथून पडदा तिरका दिसतो, त्यामुळे गेल्या अकरा वर्षांत बघितलेले सगळे नायक मला जरा लांबट तोंडाचे वाटत आले आहेत.

या हिवाळ्याची मालिका 'रेव्हनहर्स्टची थोरली', भाग सहा. मूळ कादंबरी आपल्या पिढीत सगळ्यांना शाळेत होती आणि कोणीच वाचली नाही. गोष्ट साधी आहे. कॅप्टन हॅलमचं मिस टॅम्सिनवर प्रेम आहे, तिचंही त्याच्यावर आहे, हे घोड्यांना धरून सगळ्यांना कळलेलं आहे, फक्त त्या दोघांना नाही. ते भेटतात आणि रस्ते किती चिखलाचे झालेत यावर बोलतात. असल्या गोष्टी बघायला आपल्या लोकांना पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे कपडे कशाला लागतात, देव जाणे. पण गाव रविवारी आठला ओस पडतं, आणि पाद्री टिडमार्शनी संध्याकाळची प्रार्थना साडेसहावर आणली आहे (देवाला व्हिडिओवर टेप करता येतं, असं त्यांचं म्हणणं असावं).

आता मुख्य बातमी, जी मुख्य नाही. सप्टेंबरात मिसेस हार्बॉटलच्या कुंपणावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली. त्यांची मुलगी रोझलिंड न्यूझीलंडला असते, तिने त्यांच्यासाठी घरामागे एक खोली बांधली आहे. मला त्यांनी हे कुंपणापलीकडून सांगितलं. म्हणाल्या, "हे ट्यूलिपचे कंद तुम्ही घ्या, मिस्टर पेटिफर. वसंतात मी इथे नसणार." मी पिशवी घेतली आणि म्हणालो, "आभारी आहे. त्यांना ऊन लागतं, नाही का?" अकरा वर्षांची ओळख, बाई जगाच्या पार दुसऱ्या टोकाला चालली, आणि मी उन्हाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, हो, सकाळचं ऊन. मग मी घरात येऊन पिशवी मांडीवर घेऊन बसलो. मला फार वाईट वाटलं, ताई. हे इथे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

तर चौथ्या भागात कॅप्टन मिस टॅम्सिनला चार पानी पत्र लिहितो. (चिखलावर चार भाग बोलल्यावर माणूस दुसरं काय करणार.) मिसेस हार्बॉटलनी बाहीतून रुमाल काढला आणि किटली चढवताना म्हणाल्या, "आजकाल कोणी कोणाला असं पत्र लिहीत नाही." मी म्हणालो, टपाल महाग झालंय. पण घरी आल्यावर वाटलं, घोडं अडलंय कुठे? तोंडाने जमत नसेल तर पेनाने. दोन दिवस बसून मी तीन पानं लिहिली. आता सावधगिरी हा माझा स्वभाव. उद्या पत्र भलत्याच्या हाती पडलं तर बाईंची शोभा व्हायला नको, म्हणून त्यांचं नाव घातलं नाही, नुसतं 'बाईसाहेब' लिहिलं. भाषा कॅप्टनच्या काळातली ठेवली. "आपण दूरदेशी जाण्याचा मनोदय पक्का करण्यापूर्वी एका मूक माणसाचं म्हणणं ऐकावं," अशा धर्तीची. न्यूझीलंड नाही, कंद नाही, काही नाही. सगळ्या पत्रात एकच वाक्य माझं होतं, तेही हात घसरून गेलेलं. बाकी सगळं कॅप्टनला शोभेलसं. खाली सही 'अँ. पे.' थोडक्यात, भलत्याच्या हाती पडलं तरी त्याला पत्ता लागू नये इतकी काळजी घेतली, आणि त्या भरात जिच्या हाती पडायचं तिलाही लागू नये अशी व्यवस्था करून ठेवली.

चर्चच्या मासिकात मी दर महिन्याला 'रविवारचा पडदा' हे सदर लिहितो, हे तुला आठवत असेल (तू ते वाचत नाहीस, हेही मला आठवतं). तो मजकूर मी तिसऱ्या बुधवारी तपकिरी पाकिटात घालून मिसेस हार्बॉटलच्या दाराच्या फटीतून आत सारतो, कारण मासिक टाइप त्याच करतात. सदराखाली सही असते 'अँ. पे.' आता मला सांग, मी पत्र कुठल्या वारी टाकलं असेल? बुधवारी. कुठल्या पाकिटात? घरात दुसरं पाकीट नव्हतं.

पाचव्या भागाच्या रविवारी मी गेलो. मालिका संपली, किटली चढली. टीव्हीकडेच बघत त्या म्हणाल्या, या वेळचा तुमचा मजकूर वेगळाच होता, डिसेंबरच्या अंकात देऊन टाकला. मी म्हणालो, आभारी आहे. (मूग गिळावेत तरी किती! पोट भरलं माझं.) मग त्यांनी सांगितलं, की बर्मिंगहॅमच्या एका जोडप्याला घर पसंत पडलंय आणि सोमवार, तीस तारखेला सकाळी दहापर्यंत दलालाला होकार कळवायचा आहे. म्हणजे शेवटच्या भागाच्या दुसऱ्या दिवशी. मी दोन्ही बिस्किटं तशीच ठेवून आलो.

गुरुवारी मासिक घरोघर पोहोचलं. 'कॅप्टनने असं लिहायला हवं होतं' या मथळ्याखाली माझं काळीज, दोनशे चाळीस प्रतींत, पान सातवर. मी माझी प्रत उघडलीच नाही, कोळशाच्या बादलीखाली ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. गल्लीत कोणी "थंडी पडली" म्हणालं तरी मला त्यात टोमणा दिसायला लागला. पोस्टातल्या मिस ऑकलींनी मात्र तिकिटं फाडता फाडता सरळच सांगितलं, "छान लिहिलंय तुम्ही. पण माझं विचाराल तर कॅप्टनला म्हणावं, पत्रं कसली खरडतोस, दार वाजव. चार पावलांवर तर राहतो." मालिकेत कॅप्टन चौदा मैलांवर राहतो. मी तिकिटं न घेताच बाहेर पडलो. कालच्या सकाळच्या प्रार्थनेत तर कहर झाला. टिडमार्शनी संयम या विषयावर प्रवचन केलं आणि त्यात माझ्या पत्रातली दोन वाक्यं, "आपल्या मासिकातील एका लेखकाने म्हटल्याप्रमाणे" म्हणून, व्यासपीठावरून खणखणीत वाचली. तिसऱ्या बाकावर मिसेस हार्बॉटल निळी टोपी घालून बसल्या होत्या. मी ऑर्गनवर होतो. पुढच्या भजनाचं पहिलं कडवं मी बहुधा दुसऱ्याच भजनाच्या चालीवर वाजवलं. लोकांनी ते निमूट म्हटलं, आपले लोक काहीही म्हणतात.

तर काल संध्याकाळी शेवटचा भाग. बैठकीत चार खोकी दोरीने बांधून ठेवलेली होती, सिरिलचा फोटो भिंतीवरून उतरवलेला. मी नेहमीसारखी लाकडी खुर्ची ओढली. मिस ऑकलींचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून ठरवून गेलो होतो, की आज नावं वर सरकायला लागली की किटलीच्या आधी बोलायचं. काय बोलायचं, तेही पाठ केलं होतं. मालिका सुरू झाली. कॅप्टन पावसात घोडा फेकत निघाला, मिस टॅम्सिन नदीकाठी उभी, झग्याची शिलाई मशीनची. कॅप्टन घोड्यावरून उतरला, टोपी काढली, तोंड उघडलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, मालिका चालू असताना, मिसेस हार्बॉटल बोलल्या.

"तिकडून तुम्हाला तिरकं दिसत असेल, मिस्टर पेटिफर."

मी म्हणालो, अकरा वर्षं तिरकंच बघतोय, सवय आहे.

(ताई, हात जोडतो, इथे काही म्हणू नकोस. माझं मलाच कळलं. पाठ केलेलं सगळं भाषण आडात, आणि पोहऱ्यात आलं ते हे.)

कॅप्टनचे ओठ हलत होते. मिसेस हार्बॉटलनी हिरव्या खुर्चीवरची उशी उचलून थोपटली, परत जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "अँब्रोज, आता इथे येऊन बस. मला सकाळी दलालाला फोन करायचा आहे, त्याला काय सांगू ते ठरवू दे."

मी उठलो. तीन फूट अंतर असेल, गुडघा वाजला, आणि मी सिरिलच्या खुर्चीत बसलो. पडदा तिथून सरळ दिसतो. कॅप्टन चांगला गोल तोंडाचा माणूस आहे.

असो. टीव्हीबद्दल लिहायचं म्हणून बसलो आणि पत्र लांबलं. कमरेला जप, बोक्याला माझा आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
अँब्रोज

ता. क. तू नाताळात माझ्या पुढच्या अंगणासाठी कुंड्या आणणार होतीस, त्या आणू नकोस. कंद आज सकाळी परत त्यांच्याच जमिनीत लावले, जिथून आले तिथेच. पाटीही काढली. ती मोडून लाकडं चुलीला घेतली (दलाल पाटी परत मागतील, असं डल्सीचं, म्हणजे मिसेस हार्बॉटलचं, म्हणणं आहे, तेव्हा हे कुठे बोलू नकोस).

पुन्हा ता. क. आज दुपारी बादलीखालून मासिक काढून पान सात वाचलं आणि माझ्या कच्च्या मसुद्याशी ताडून पाहिलं. तिन्ही पानं शब्दन् शब्द छापली आहेत, फक्त एक वाक्य नाही. "आपल्या शेजारची जागा मोकळी दिसते, पण गेलेल्या माणसाच्या जागेकडे डोळा लावू नये म्हणून मी लाकडावर बसत आलो," हे. जागा पुरली नसेल म्हणावं, तर खाली जुन्या कपड्यांच्या विक्रीची जाहिरात ऐसपैस आहे. चहाच्या वेळी डल्सीला विचारलं, तर म्हणते, सदराचं होतं ते सदरात दिलं, माझं होतं ते ठेवून घेतलं.

शेवटची ता. क. सिरिलच्या खुर्चीची एक स्प्रिंग वर आलेली आहे आणि ती फार टोचते. त्याने वीस वर्षं काढली, मीही काढीन. तुझ्याकडे एवढंच मागणं आहे, की तू शेवटचा भाग टेप केला असशील तर ती कॅसेट पाठव. कॅप्टनचं पुढे काय झालं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. त्याच पार्सलात, जागा राहिली तर, आईची अंगठी घाल, जी तू बटणांच्या डब्यात ठेवली आहेस (बोटात घातली असशील तर साबण लाव). अंगठी आधी आली तरी चालेल. कॅसेटची घाई नाही.