काळुरामाचा अस्सल काबुली कोट

ठाणे, वैशाख वद्य तृतीया, शके १८०६

तीर्थस्वरूप अण्णांचे चरणी धाकटा भाऊ त्र्यंबक याचा साष्टांग नमस्कार. आम्ही सारी येथे खुशाल आहोत. आपला खोकला आणि वहिनींचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. इतके विचारून झाले, आता रागावतो. (वडील भावावर रागावू नये हे मला ठाऊक आहे, म्हणूनच आधी नमस्कार घातला.)

आपला महिपत रेल्वेच्या मोजणीवर क्वेट्याला चालला, त्याला गरम कपडा हवा, हे योग्यच. पण कल्याणहून ठाण्याच्या बाजारात येऊन त्या काळुराम व्यापाऱ्याकडून 'काबूलच्या लढाईतला, सरकारी लिलावातला अस्सल पोस्तीन' घेताना आपल्याला सख्खा भाऊ आठवू नये? दोन हिवाळे रावळपिंडीच्या लष्करी गुदामात हेच मेंढीच्या कातड्याचे कोट मी मोजून दिले. माझे घर त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. आणि विकत घेऊन झाल्यावर मग महिपताच्या हाती "जरा पाहून ठेव" म्हणून गाठोडे पाठवता!

पाहिले. पोस्तिनाची लोकर आतल्या अंगाला असते, म्हणून ऊब राहते. याची बाहेर, शोभेला. ओढली तर मूठभर हातात आली, कारण ती खळीने चिकटवलेली. काबूलकडचे कातडे पिवळे, मऊ, शिवण रेशमाची, याला सुतळी. आमच्या मंडळींनी तो उन्हात टाकला, तर शेजारच्या बायजाची शेळी त्याला हुंगून असा हंबरडा फोडू लागली, की कातडे कुणाचे ते मला निराळे तपासावे लागले नाही. हातमोजे दोन, दोन्ही डाव्या हाताचे. महिपताने उजवा हात क्वेट्यात कुठे ठेवायचा?

संतापून भर दुपारी कोट काखोटीला मारून दुकानी गेलो. काळुराम शांतपणे म्हणाला, "रावसाहेब, अंगात घालून बघा. ऊब नाही लागली तर माल परत." (रागात अक्कल जाते, माझी गेली.) घातला. वैशाखाचे ऊन, भरलेला बाजार. घामाने खळ विरघळली, कोट अंगरख्याला चिकटला, निघेना. काळुराम लोकांना म्हणाला, "बघा, याहून ऊबदार कोट पाहिलाय कुणी?" आणि लोकांनी, अण्णा, माना डोलावल्या! शेवटी धाकू हमालाने बाह्या कापून मला मोकळे केले. कापलेला माल काळुराम परत घेत नाही.

आपण हसाल. हसू नका. पिंडीला एका ठेकेदाराने असलेच खळीचे कोट गुदामात भरले होते. त्यातला एक मी रतन पहारेकऱ्याला दिला, न तपासता, घाईत. सकाळी तो दारापाशी बसलेलाच सापडला. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला. तेव्हापासून कोट दिसला की मी आधी लोकर ओढतो. आणि आपण मला न विचारता पोराला तिकडे धाडायला निघालात!

यापुढे गरम कपडा घेणे झाल्यास मला दाखवल्यावाचून घेऊ नये. वहिनींस नमस्कार, आपल्यावर राग. कळावे, लोभ आहेच.

आपला आज्ञाधारक,
त्र्यंबक

ता. क. पत्राबरोबरचा कोट माझा स्वतःचा आहे. लोकर आत ठेवूनच घालायला सांगावे. माझा आहे हे महिपताला कळू देऊ नये, नाहीतर संकोचाने परत आणून देईल.

आणखी ता. क. कोटाच्या आत, मानेखाली, सरकारी बाणाचा शिक्का आणि गुदामाचा नंबर आहे. म्हणजे माल अस्सल. मात्र लढाई संपल्यावर सारे कोट जमा व्हायचे होते, आणि माझ्या गुदामात एकच कमी भरला. तेव्हा गुरुवारी गाडी सुटण्यापूर्वी वहिनींकडून त्या शिक्क्यावर जाड कापड शिवून घ्यावे. आणि कुणी विचारलेच, तर काळुरामाकडून घेतला म्हणावे.