डिकीतला दिवा

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (वाकलेलाच आहे. सरळ व्हायला आणखी दोन दिवस लागतील असं डॉक्टर म्हणतात. कारण पुढे येईलच.) गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. शनिवारी तुला दवाखान्यातून सोडणार आणि पंधरा दिवस तू आमच्याकडे राहणार, इथपर्यंत सगळं उत्तम. पण भावोजींनी म्हणे टॅक्सी ठरवली! सख्खा भाऊ दाराशी गाडी बाळगून असताना? मागच्या वेळी धक्का मारून सुरू केलेली गाडी मी सिग्नलला बंद केली, ती पुन्हा लागलीच नाही आणि तुला भर चौकात उतरून पायी जावं लागलं, हे मान्य. (हे तू आतापर्यंत किती जणांना सांगितलंस, त्याचा हिशेब मी सोडून दिला आहे.) म्हणूनच या वेळी तुला माझ्याच गाडीतून आणायचं असा चंग बांधून मी कामाला लागलो.

दुखणं असं होतं. बॅटरी चार्ज केली की गाडी दिवसभर शहाण्यासारखी चालायची आणि दुसऱ्या सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'कट्'. आधी मी बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने आणि दात घासायच्या ब्रशने साफ केला. (ब्रश माझा नव्हता. तुझ्या भावजयीला हे अजून ठाऊक नाही, तूही बोलू नकोस.) फरक शून्य. म्हणजे गाडी उभी असतानाही काहीतरी गुपचूप वीज खात होतं. शेजारच्या निवृत्त लाइनमनांकडून मीटर आणला, बॅटरीला जोडला आणि एकेक फ्यूज काढून काटा कधी खाली येतो ते पाहू लागलो. दुसऱ्या दिवशी एका फ्यूजला काटा धाडकन पडला. तो फ्यूज परत बसवून चोर सापडल्याचं मी गल्लीभर जाहीर केलं. लाइनमन आले, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि मुकाट्याने गाडीचं दार लावलं. माझ्या डोक्यावरचा दिवा विझला. "मास्तर, दार उघडं असलं की हा लागायचाच," एवढंच म्हणाले आणि गेले. दोन दिवस मी त्या दिव्याच्या उजेडात तो दिवाच शोधत होतो.

मग दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून सगळं पहिल्यापासून. शेवटी एक फ्यूज उरला, त्यावर घड्याळ आणि डिकीतला दिवा. घड्याळ तर गाडी घेतल्यापासून सव्वाचारच दाखवतंय. राहिला दिवा. पण डिकी लावल्यावर तो विझतो की नाही, हे बाहेरून कसं कळणार? आत मोबाईल ठेवून शूटिंग करा, असं लाइनमन भिंतीवरून ओरडले. पण मी चित्रकलेचा मास्तर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही. मी आत आडवा झालो, तुझ्या भावजयीने झाकण लावलं आणि नेमका तेव्हाच घरात फोन वाजला. तो तुझा होता. तो कुठाय, असं तू विचारलंस, तिने डिकीत म्हणून सांगितलं, आणि तू बरं म्हणून उशांच्या अभ्र्यांवर पंचवीस मिनिटं बोललीस. मला याचं वाईट वाटलेलं नाही.

कारण दिवा चालू होता! अगदी नाकासमोर, लख्ख. आणि त्याच उजेडात झाकणाच्या कडेला मला माझेच दोन खोडरबर दिसले. डिकी आपटली की तू दचकतेस, म्हणून गेल्या वर्षी मीच ते चिकटवले होते. त्यांच्यामुळे झाकण किंचित वर राहायचं, बटण दाबलं जायचं नाही आणि दिवा विझायचा नाही. म्हणजे तुला चौकात उतरवलं ते माझ्या मायेने. पाय पोटाशी घेऊन पडल्या पडल्या मला फार बरं वाटलं, ताई. यंत्रातली चूक आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः शोधली होती. (ती केलीही मीच होती, पण तो भाग वेगळा.) खोडरबर काढून टाकलेत. तेव्हा टॅक्सी रद्द कर. डिकी आता आपटेल, तेवढी सवय करून घे.

तुझा धाकटा

ता. क. गाडी चार दिवस सलग पहिल्या किल्लीला सुरू झाली आहे. माझ्या मनात कसलीही शंका नाही. मात्र दवाखान्याच्या दाराशी मी इंजिन बंद करणार नाही, तेव्हा नर्सबाईंचा निरोप आधीच घेऊन ठेव.

ता. क. २ भावोजींना चप्पल नको, बूट घालून यायला सांग. कारण सांगू नकोस.