नाताळातला नारळ

अप्पा, शेवटचे दोन-अडीच महिने तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, मी स्वतः निवृत्त होऊन बसले, तरी मला ते पटलेलं नाही. चूक कोणाची होती? नेरूळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्रा कोणी आणला? आई गेल्यावर मी तुम्हाला साताऱ्याहून माझ्याकडे आणलं ते चार दिवस सुखाचे दिसावेत म्हणून. आणि महिन्याभरात तुम्ही सारसोळ्याच्या जेट्टीवरून मासळीचा वास मारणारं एक पिल्लू सदऱ्यात घालून वर घेऊन आलात. 'गडी' म्हणायचात त्याला. मी हाक मारली तर तुम्ही दोघंही मान वर करत नव्हतात.

सत्त्याण्णवचा नाताळ गुरुवारी आला होता, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी. कॉन्व्हेंटात तुम्हीच मला घातलंत, त्यामुळे गॅलरीत कागदी चांदणी टांगायची मला हौस. आणि आईनं घालून दिलेलं व्रत, म्हणून हॉलमध्ये घटही मांडलेला. तांब्यावर नारळ, नारळाला देवीचा मुखवटा, वर वेणी. बाजूच्या स्टुलावर शेजारच्या ख्रिश्चन बाईंनी सकाळीच आणून दिलेला केक. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. शाळांना सुट्टी, खाली पोरांचा दंगा. गड्यानं दोन दिवसांत चांदणी फाडली होती आणि माझी एक चप्पल गायब केली होती, ते मी गिळलं. पण बायका दारात चपला काढत असताना तो आला, केक नुसता हुंगून सोडला, नारळाची शेंडी दातांत धरली आणि मुखवट्यासकट जिना उतरला.

मी मागे, साडी सावरत. खाली पोरं ओरडताहेत, "पास दे, पास दे!" तुम्ही बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताय. बी विंगमधल्या बाई कठड्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "अगंबाई, हिची लक्ष्मी चालती झाली की!" शेजारच्या बाई बिचाऱ्या मला सावरायला म्हणाल्या, "केक तरी वाचला ना, थँक गॉड." आणि तुम्ही काय म्हणालात? "आगं, मुकं जनावर हाय ते. देवीला चालतंय, तुलाच चालंना." सगळ्या बिल्डिंगसमोर.

मी तिथंच म्हणाले, "उद्या हा घरात दिसला तर मी दिसणार नाही." तोंड माझं तेव्हाही असंच होतं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या टेम्पोतून गडी करंजाड्याला गेला, त्याच्या गोठ्यावर. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती. तुम्ही अडवलं नाहीत. टेम्पोत आपली जुनी घोंगडी टाकलीत, वर आलात आणि भिंतीकडे तोंड करून निजलात. अडवलं असतंत तर मी ऐकलं असतं, अप्पा. लेकीच्या घरी राहतोय, तिथं आपला शब्द कसा टाकायचा, म्हणून तुम्ही गप्प बसलात, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हाही मला आधी रागच आला. लेकीचं घर परकं असतं, असं कोणी ठरवलं?

मग रोज संध्याकाळी अर्धी भाकरी खिशात घालून तुम्ही गेटपर्यंत जायचात आणि ती तशीच घेऊन परत यायचात. एकदाच म्हणालात, "करंजाडं लांब न्हाई. कुत्र्याला वाट सापडती." मी म्हणाले, "तो तिकडे मजेत आहे. घरचं दूध पितोय." तुम्ही माझ्याकडे बघितलं आणि काठी घेऊन खाली गेलात. होळीच्या आधी तुम्ही गेलात. नंतर तुमचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात भाकरीचे तुकडे निघाले, खड्यासारखे कडक.

आता त्याच गॅलरीत, तुमच्याच खुर्चीत मी बसते. मी बोलले की मुलगा आणि सून हो म्हणतात आणि दार लावून घेतात. गप्प बसण्याचा आवाज कसा असतो ते मला आता पाठ झालंय.

कॉन्व्हेंटात ख्रिस्ती मुली कन्फेशनसाठी रांगेत उभ्या राहायच्या, तेवढा वेळ आम्हा हिंदू मुलींना मैदानावर सोडत. म्हणून मला चुकीची कबुली द्यायची सवय नाही. हे पत्र मी गुरुवारच्या पोथीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवू? तेव्हा लिहूनच टाकते. एकतीस डिसेंबरच्या दुपारी तुम्ही निजला होतात. वॉचमन वर आला. "बाय, तुमचा कुत्रा आयलाय गेटावर. गल्यान तुटलेली दोरी हाय." मी हळू आवाजात म्हणाले, "हाकल त्याला. आणि आजोबांना सांगायचं नाही." मग गॅलरीत येऊन उभी राहिले. दोन काठ्या बसल्या तरी तो तुमच्या खिडकीकडेच बघत होता.

त्याला वाट सापडली होती, अप्पा.