आष्ट्याच्या दूध केंद्रावरचं माझं नेतृत्व

७ एप्रिल २०२५, सोमवार. सकाळी ८.
आष्ट्याच्या दूध शीतकरण केंद्राचा चार्ज घेतला. हाताखाली चार माणसं. सगळ्या नोंदी वहीतून टॅबवर न्यायच्या, मुदत महिना. विश्रामबागच्या मुख्य ऑफिसात मोठ्या साहेबांना सांगून आलोय, पंधरा दिवस बास. धोरण कडक. बोर्ड लावला : मला विचारल्याशिवाय कोणत्याही मशीनला हात लावायचा नाही.

९ एप्रिल.
नानासो इथं बावीस वर्षं आहेत. टॅब उलटा धरतात. सगळ्यांसमोर झापलं. त्यांनी टॅब सुलटा केला. शिस्त लागतेय.

१५ एप्रिल. संध्याकाळी ६.
विश्रामबागला नेतृत्व शिबिर. फोन बंद ठेवायला लावले होते. चारला चालू केला, तर नानासोंचे एकोणीस मिस्ड कॉल. सकाळपासून लाईट नाही. जनरेटर शेजारीच, कुणी चालू केला नाही. अख्खी टाकी नासली. येऊन ओरडलो. नानासो शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमीच लिवलंय न्हवं, हात लावायचा न्हाई?"
चूक स्टाफचीच. बोर्ड मात्र काढून टाकला.

१६ एप्रिल.
मोठे साहेब म्हणाले, शेवटची संधी. आजपासून प्रेमळ धोरण. केक आणला. लॅबमधली विजयमाला म्हणाली, "केक ऱ्हाऊ द्या सर, टॅब कसा चालवायचा त्ये एकदा दावा की."
उद्या दाखवतो म्हटलं. मला तरी कुठं येतो?

२२ एप्रिल.
लोकशाही धोरण. नाव न घालता सूचना लिहा म्हटलं. चार चिठ्ठ्या आल्या. चारींत एकच : साहेब बदला. म्हणजे टीमवर्क वाढलंय.

२८ एप्रिल.
चौघंही टॅबवर भराभर नोंदी करताना दिसले. छाती फुगली. मग कळलं, विजयमाला आधी स्वतः शिकली, मग रोज जेवणाच्या सुट्टीत एकेकाला शेजारी बसवून शिकवत होती. चुकलं की हसून म्हणायची, "आवं नानासो, परत करू की."
माझ्याकडून का शिकला नाहीत, नानासोंना विचारलं.
"तुमच्याम्होरं हात कापत्यात, सायेब."
नळावर जाऊन उगाच तोंड धुतलं.

३० एप्रिल.
ऑर्डर आली. चार्ज विजयमालाकडं, मी वडूजला. मोठ्या साहेबांना फोन केला. पाया पडतो म्हणालो, एक महिना द्या. ते म्हणाले, वडूजला तुमच्या नेतृत्वाला कुणाचा अडथळा नाही.
बघा, विश्वास आहेच.

५ मे. वडूज.
वेळेआधी पोचलो. नवं धोरण तयार : आधी माणसांचं ऐकून घ्यायचं. खोली एक, टेबल एक. हजेरीपुस्तक उघडलं.
नाव एकच. माझं.