अडतीस मिनिटं

बिबवेवाडी, पुणे
८ जून २००३

ती. बाबांस व आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र परवा मिळालं. मी फोन करत नाही ही तक्रार मान्य. पण फोनवर मी 'बरं आहे' याच्यापुढे जात नाही असं आईच म्हणते, म्हणून लिहायला बसले.

जखमींच्या वॉर्डात मला चार वर्षं झाली. पुण्यात नोकऱ्या आल्या, नोकरीवाल्यांना गाड्या आल्या आणि आमच्याकडे रुग्ण आले. हडपसरकडे, हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहताहेत. रस्ते मात्र जुनेच आहेत. घरमालकीण कांताबाई विचारतात, एवढी शिकलेली सर्जन, मग सरकारी रुग्णालयात का कुजतेस? मी सांगितलं, तिथे गिऱ्हाईक तुटत नाही. त्या हसल्या नाहीत.

बाबा, तुम्ही विचारता की माझं संशोधन म्हणजे नेमकं काय. दोन वर्षं मी एक वही भरते आहे. प्रत्येक जखमी माणसाच्या नावापुढे तीन वेळा: अपघात कधी झाला, आमच्या दारात कधी आला, टेबलावर कधी घेतला. त्यातले दोनशे चौदा जण गेले. एकेकाचे कागद काढून पाहिले. एकसष्ट जण वाचायला हवे होते.

आईने पाठवलेला इंजिनिअरचा फोटो पाहिला. मुलापेक्षा मोटारसायकल जास्त दिसते. त्याला हेल्मेट घालायला सांगा, बाकी पुढे बघू.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.
आपली
प्रियदर्शनी


नागपूर
१७ जून २००३

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझी आई मोटारसायकलच्या वाक्यावर दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी तेच वाक्य शेजारच्या चंपाबाईंना हसत सांगितलं. तिचा गुडघा तसाच आहे. माझी साखर ठीक आहे.

तुझे एकसष्ट डोक्यातून जात नाहीत. मी एकतीस वर्षं रेल्वेच्या डाक कचेरीत पत्रं वेगळी केली. टपाल उशिरा पोचलं की आम्ही आधी गाडीला नावं ठेवायचो. पुष्कळदा पिशवी आमच्याच टेबलाखाली पडलेली असायची. म्हणून विचारतो, हे एकसष्ट वाटेत गेले की तुमच्याकडे पोचल्यावर?

वेळेवर जेव. सवडीने उत्तर दे, पण दे.
तुझा
बाबा


पुणे
२९ जून २००३

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. बेचाळीस जण वाटेतल्या उशिराने गेले. कुणी रस्त्यावर पडून राहिलं, कुणाला दोन दवाखान्यांनी पोलिसांचं लचांड नको म्हणून परत पाठवलं. उरलेले एकोणीस आमच्या दाराच्या आत गेले.

डिसेंबरात दिल्लीला परिषद आहे. आमचे विभागप्रमुख म्हणतात, बेचाळिसांवर निबंध लिही, उत्तम होईल. एकोणीस आपल्या घरातले, ते घरातच ठेवू. माणूस वाईट नाही. मोडक्या यंत्रांवर पंधरा वर्षं वॉर्ड चालवतात, छापून आलं तर सगळे त्यांच्याच अंगावर येतील. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

पण एकोणिसांतली एक माझी आहे. दीपाली, वय बावीस, मांजरीची, हडपसरला एका कॉम्प्युटर कंपनीत लागून सहा महिने झालेली. गेल्या वर्षी मार्चमध्ये उसाच्या ट्रॉलीने तिच्या स्कूटरला धडक दिली. आली तेव्हा ती नीट बोलत होती. मांडीचं हाड मोडलं होतं, मी तेच पाहिलं. नाडी जलद होती, ती दुखण्याने असेल असं धरलं. पोटावर हात ठेवायला हवा होता, नीट, दोनदा, तीनदा. मी तिला एक्स-रेच्या रांगेत पाठवलं आणि दुसऱ्या जखमीकडे वळले. तिथे ती एक तास चाळीस मिनिटं होती. पोटातली प्लीहा फाटून रक्त आत साठत होतं. टेबलावर घेतली तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. बोलणारा माणूस मरणार नाही, असं मी गृहीत धरलं.

तिला निबंधात घालू की नको, सांगा.

माया असू द्या.
आपली
प्रियदर्शनी


नागपूर
६ जुलै २००३

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र आईला वाचून दाखवलं नाही.

निबंधातलं मला कळत नाही. ते तुझं तू ठरव. तुझं पत्र मात्र मी तीन वेळा वाचलं. त्यात मुलीचं वय आहे, नाडी आहे, किती मिनिटं रांगेत होती तेही आहे. तिच्या आईबापांना काय सांगितलं गेलं, ते कुठे सापडलं नाही. दिल्लीच्या लोकांना सांगण्याआधी मांजरीच्या लोकांना कुणी सांगितलं का?

रागावून लिहीत नाही. तू झोपत नसशील, हे मला इथून कळतं.

तुझा
बाबा


पुणे
२० जुलै २००३

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल मांजरीला जाऊन आले. पत्ता जुन्या कागदावरून काढला. दीपालीचे वडील रंगराव दुसऱ्यांच्या उसाला पाणी देण्याचं काम करतात. त्यांनी मला पाहताक्षणी ओळखलं. मी त्यांना ओळखलं नाही, बाबा.

मी सांगायला सुरुवात करणार, तर तेच हात जोडून म्हणाले की बाई, तुमचा काय दोष न्हाई, उशीर माझ्याच हातनं झाला. मला काही समजेना. मग कळलं. त्या दिवशी टेम्पोत मुलीला घालून आणताना रेल्वेचं फाटक लागलं होतं. अकरा मिनिटं ते मुलीचं डोकं मांडीवर घेऊन फाटकापाशी बसून होते. दुसऱ्या वाटेनं का गेलो न्हाई, हेच सव्वा वर्ष मनात घोळतंय, म्हणाले. तुमीच तर भाईर येऊन म्हनला हुता, उशिरा आनलं.

मी म्हटलं असणार. आम्ही सगळेच म्हणतो. हात धुता धुता ते वाक्य तोंडात येतं.

बाबा, वहीत त्यांची वेळ आहे. फाटकाची अकरा धरून अडतीस मिनिटं. एवढ्या लांबून इतक्या लवकर त्या वर्षात दुसरं कुणी आलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं, आणि उशीर माझ्याकडे झाला तेही सांगितलं. ते ओरडले नाहीत. खाली बसले आणि अडतीस, अडतीस असं नुसतं म्हणत राहिले.

त्यांची बायको तुळजाबाई दारात उभी होती. ती सव्वा वर्ष नवऱ्याशी बोललेली नाही, हे शेजारणीने नंतर सांगितलं. तिने मला एकच विचारलं, पोरगी बोलत हुती तर काय बोलली? मला खरं सांगावं लागलं. दीपालीने विचारलं होतं की ऑफिसात कुणी कळवलंय का, नाहीतर गैरहजेरी लागेल.

निघताना रंगराव म्हणाले, ह्ये सगळं लिवून द्या, सहीनिशी. मी तिथेच वहीचा कागद फाडून लिहून दिलं.

आपली
प्रियदर्शनी


नागपूर
३१ जुलै २००३

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

या वेळी आईला वाचून दाखवलं. तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, त्या माउलीला सव्वा वर्ष कुणाशी बोलावंसं वाटलं नसेल.

त्या कागदावरून तुझी चौकशी लागेल. लागू दे. तुझा अभिमान वाटतो असं मी लिहिणार नाही. हे पत्र मांजरीच्या त्या घरात कुणी वाचलं तर ते बरं दिसणार नाही.

गरज पडली तर तार कर, मी निघतो.
तुझा
बाबा


पुणे
१२ ऑक्टोबर २००३

ती. बाबांस व आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. रंगरावांचा पुतण्या संपत याने त्या कागदावरून तक्रार केली. त्याची चूक नाही. चौकशी संपेपर्यंत मी शस्त्रक्रिया करायची नाही, असा हुकूम आहे. दिवसभर कचेरीत जुने कागद लावते. सकाळी हात आपोआप ऑपरेशनची टोपी शोधतात.

निबंध एकसष्टांचाच पाठवला. विभागप्रमुखांनी स्वतःचं नाव काढून घेतलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. परिषदेचं उत्तर अजून नाही. येईल असं वाटतही नाही. एक मात्र झालं. वॉर्डातली शिकाऊ मुलं आता नातेवाइकांना काही सांगण्याआधी वही उघडून वेळ बघतात. हे मला एका नर्सने जिन्यात हळूच सांगितलं.

परवा समितीसमोर रंगरावांना बोलावलं होतं. तुळजाबाई बरोबर होती. बाकावर दोघं शेजारी बसले होते. एकदा तिने त्यांना पिशवीतली पाण्याची बाटली दिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

समितीच्या अध्यक्षांनी रंगरावांना समजावलं की डॉक्टरबाईंनी स्वतःहून कबुली दिली आहे, तेव्हा तक्रार मागे घ्यायची असेल तर घेता येईल, प्रकरण इथेच मिटेल. मी मान खाली घातली होती. खरं सांगते बाबा, त्या क्षणी मला ते हवं होतं.

रंगराव उभे राहिले आणि म्हणाले, बाई आधी खोटं बोलल्या, मागनं घरी येऊन खरं बोलल्या. दोन्ही लिवून घ्या.

कारकुनाने दोन्ही लिहून घेतलं. मी खाली सही केली.

दोघांनी तब्येत सांभाळा, आणि लेकीवर जीव असू द्या.
आपली
प्रियदर्शनी