जोडाच्या वरची मुळं

प्रिय प्रशिक,

फोनवर तू ‘ताई, नंतर बोलतो’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येईल.

आधी घरची खबर. आई बरी आहे. तिला कलमाच्या टेबलावरून उठवलं. हे तुला माहीत असणार, तुझ्याच अहवालावरून रोपवाटिकेच्या श्रीधर साहेबांनी ते ठरवलं. आता ती शेडच्या मागे ट्रेमध्ये कोकोपीट भरते. नऊ वर्षं ती रानवांग्याच्या रोपावर वांग्याचा शेंडा बसवत होती. ब्लेडचा एक तिरका काप, क्लिप, की पुढचं रोप. त्याआधी काटोलच्या नर्सरीत संत्र्याच्या कलमांचे डोळे भरले. आपल्या रोपवाटिकेतल्या सगळ्या बायका तिच्याकडून शिकल्या. मी नोंदणीच्या टेबलावरून बघते, त्या आता तिच्या बाजूने जाताना उगाच मोबाईल काढतात.

तूही तिच्याकडूनच शिकलास. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलच्या आधी तुला काप जमत नव्हता. इंदोऱ्याच्या घरात ओट्यापाशी बसून तू अंबाडीचे देठ कापत होतास आणि दर वेळी बोट कापून घेत होतास. शेवटी तिने तुझं मनगट धरलं आणि तुझ्याच हाताने काप घेतला. असे वीसेक देठ झाले असतील. रानवांग्याच्या मुळाला मर रोग लागत नाही, म्हणून वरचं झाड वाचतं, हे तिने तुला त्याच दिवशी सांगितलं. परीक्षेत तू तिचीच वाक्यं प्रमाण भाषेत लिहिलीस. मला ते आवडलं होतं.

आता नरखेडचं. आपल्याकडून रोपं नेलेल्या धोंडबा काकांची दीड एकर वांगी वाळून बसली. कलमी रोपं असून मर लागली, म्हणजे दोष कोणाचा तरी असणार. रोपवाटिकेचा सल्लागार म्हणून शेत बघून तू लिहिलंस, ‘जोड कच्चे. कलम करणाऱ्या कामगाराच्या हाताला वयोमानाने कंप.’ नाव लिहिलं नाहीस. प्रत्येक ट्रेच्या पट्टीवर कलम करणारीचं नाव असतं आणि त्या सगळ्या पट्ट्यांवर आईचं नाव, अंजना, लिहिलेलं होतं, हे तुला माहीत होतं. नाव टाळून तू काय वाचवलंस, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते. तू शेतातून उपटून आणलेली दोन वाळकी रोपं त्यांनी तिच्यासमोर ठेवली. आईने एक उचललं, फिरवलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता ही बोलेल. ती म्हणाली, “माहा हात थरथरते, साहेब.” मग ते रोप घरी नेऊ का, असं विचारलं. साहेबांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, न्या.

आठ दिवसांनी कपाटावरची चादर काढताना ते रोप मला सापडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. जोड मी बोटांनी मोडून बघितला. मोडला नाही. जोडाच्या खालचं रानवांग्याचं खोड नखाने खरवडलं तर आत अजून हिरवं होतं. आणि जोडाच्या वर, वांग्याच्या खोडाला, बोटभर लांब मुळं फुटलेली होती. तुला सांगायला नको, तरी लिहिते. माती जोडाच्या वर चढली. वांग्याने स्वतःची मुळं सोडली. रोग तिथून आत गेला.

रविवारी एस.टी.ने नरखेडला गेले. धोंडबा काका रागावले नाहीत. चहा दिला आणि लागवडीनंतर तू पाठवलेला निरोप फोनवर तुझ्याच आवाजात ऐकवला. “काका, रोपं झुकून राहिली त घाबरू नका. डवरा फिरवा अन् खोडाले मातीची चांगली भर द्या.” काका म्हणाले, संत्र्याच्या जोडावर ते कधी माती चढू देत नाहीत, लहान पोरालाही ते कळतं. पण शिकलेला माणूस सांगतोय, तर वांग्याचं वेगळं असेल, असं त्यांना वाटलं. ओळीला भर द्यायची सवय होतीच, कपाशीला देतात तशी दिली. वर मलाच विचारलं, “काहून वं, आमचंच काही चुकलं का?”

चूक मी माफ केली असती. रोपं झुकली, तू घाबरलास, काठ्या लावा म्हणायचं ते भर द्या म्हणालास. होतं असं. पण ती मुळं तूच उपटून आणलीस. ती तुला दिसली नसतील, तर तुला काम येत नाही. दिसली असतील, तर पुढचं वाक्य मला लिहायचं नाही.

आईला ती दिसली होती. साहेबांसमोर रोप फिरवून बघितलं तेव्हाच. मी रोप तिच्यासमोर धरलं तर म्हणाली, “ठेव ते तिथंच. त्याची नोकरी नवी हाये.” बस, एवढंच. तिचा हात थरथरत नाही. ती अजून चष्म्याशिवाय सुई ओवते. परवा मी गॅलरीत तिच्याकडून तीन कलमं करून घेतली, तिन्ही टवटवीत आहेत. पण बायका समोर असल्या की ती आता एका हाताने दुसरा हात धरून बसते. काल चहा ओतताना बशीत सांडला. ती मला दाखवायला सांडत होती की खरंच, ते मला कळलं नाही. त्यानंतर मला झोप नाही.

हे पत्र मी आपणहून लिहायला बसले नव्हते. तिनेच कागद-पेन आणून दिलं. सोमवारी अकराला रोपवाटिकेत शेतकऱ्यांची बैठक आहे आणि तुला बुटीबोरीहून बोलावलं आहे, हे तिला कळलं. तिथे कोणी तुला अडवलं तर दाखवायला काही असावं, म्हणून तिने माझ्याकडून लिहून घेतलं की तिचा हात वर्षभरापासून थरथरतो, तिने ते लपवलं, आणि प्रशिकचा यात काही दोष नाही. खाली सही केली. तो कागद सोबत ठेवला आहे; उरलेल्या कागदांवर मी हे पत्र लिहिलं. सही नीट बघ. अंजना, तीनच अक्षरं, पण सहा अक्षरांएवढ्या जागेत मोठी काढलेली, एकाही रेघेत कंप नाही. सोमवारी कोणता कागद वाचायचा, तो की हा, ते तू ठरव. मी मागच्या रांगेत बसेन. रोप माझ्या पिशवीत असेल.

आजवर तरी तुझीच,
ताई