कॅमेरा कोरडा ठेवण्याची माझी पद्धत

४ सप्टेंबर
दादाने आज त्याचा कॅमेरा माझ्या हवाली केला. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस. आता मी दारात उभा राहिलो तरी आवाज दिल्याशिवाय ओळखत नाही. उरलीसुरली नजरही फार दिवसांची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं आणि वहिनींनी लगेच ते दादाला सांगितलं.
त्याला तळ्यावरच्या टिबुकल्या हव्या आहेत, ते बुड्या मारणारे छोटे पक्षी. पिल्लं आईच्या पाठीवर बसून पाण्यात हिंडतात म्हणे. फोटो मी काढायचे, तो ते कॉम्प्युटरवर हवे तेवढे मोठे करून, पडद्याला नाक लावून बघणार. पिल्लं थोडेच दिवस पाठीवर बसतात, तेव्हा घाई.
कॅमेरा पाण्यापासून कसा जपायचा यावर त्याने अर्धा तास सांगितलं. मी मान डोलावली. ऑफिसची रेकॉर्ड रूम अठ्ठावीस वर्षं मी सांभाळतोय. ओल म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

५ सप्टेंबर
तयारी पूर्ण. प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर शॉवर कॅप, त्यावर पाच रबरबँड. लेन्सपुरतं भोक. हिने विचारलं, त्या भोकातून पाणी जाणार नाही का? तांत्रिक बाब आहे, असं सांगितलं. शॉवर कॅप तिची होती, हेही तिने सांगितलं.
उद्या पहाटे पाचला उठणार.

६ सप्टेंबर, सकाळी ८.४०
उठलो. उठलो हे महत्त्वाचं. बाहेर भुरभुर होती. अशा हवेत कॅमेरा बाहेर काढणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.
उद्या नक्की.

७ सप्टेंबर
गेलो. सव्वासहाला तळ्यावर. चाळीस फोटो काढले. चाळीसही पांढरे. पिशवीत आतल्या आत वाफ धरते, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. दादाने सांगितलंही असेल, पण इतकं सगळं एकदम सांगितल्यावर माणूस काय काय लक्षात ठेवणार?
संध्याकाळी दादाला दाखवले. तो पडद्याला नाक लावून एकेक बघत राहिला. चाळीसच्या चाळीस. मग धुकं होतं का, असं विचारलं. दाट होतं, म्हटलं. वहिनी म्हणाल्या, आमच्या खिडकीतून तर स्वच्छ दिसत होतं. वहिनींना उगाच खिडकीतून बघायची सवय आहे.

८ सप्टेंबर
विश्रांती. कंबर.

९ सप्टेंबर, सकाळी ९.१५
जे घडलं ते शांतपणे लिहितो.
काठावर शेवाळ. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात छत्री. पाय घसरला. दोन्हीपैकी एकच वाचवता येईल अशी वेळ आली आणि मी छत्री वाचवली. हा निर्णय माझा नव्हता, हाताचा होता. पट्टा गळ्यात अडकवायला दादाने सांगितलं होतं, पण पट्ट्याने मान घासते.
कॅमेरा दोन फूट पाण्यात. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने मासे उचलायच्या जाळीने तो वर काढला. शॉवर कॅप पाण्याने काठोकाठ भरली होती आणि एक थेंबही गळत नव्हता. म्हणजे माझी योजना चुकीची नव्हती, पाणी चुकीच्या बाजूला होतं एवढंच.
म्हातारा म्हणाला, चालू नका करू. पण चालू केल्याशिवाय बंद पडलाय की नाही हे कळणार कसं? केला. क्षणभर उजेड आला आणि गेला. आत धुगधुगी आहे.

९ सप्टेंबर, दुपारी
ऑफिसला दांडी. हिचा हेअर ड्रायर, सगळ्यात गरम बटण, वीस मिनिटं. कॅमेऱ्याच्या पकडीवरचं रबर सुटून लोंबायला लागलं. जळका वास. तो ड्रायरचा असावा.

९ सप्टेंबर, संध्याकाळी
तांदळाच्या डब्यात पुरला. तांदूळ ओल शोषून घेतो, जगजाहीर आहे. घाईत लेन्स आधीच काढून ठेवली होती, म्हणजे हवा खेळती राहील. आतून-बाहेरून दोन्हीकडून काम होईल. दोन दिवसांत ठणठणीत.

१० सप्टेंबर
दादाचा फोन. फोटो मिळाले का? मी म्हटलं, काढतोय, पण उत्तम तेच दाखवायचे असं ठरवलंय. तो मग म्हणाला, बाहेर ओलंचिंब आहे, जपून जा. कॅमेऱ्याला नव्हे, मला म्हणाला.
जेवण गेलं नाही. हवामानाचा परिणाम.

११ सप्टेंबर
हिला डबा उघडल्यावर कॅमेरा सापडला. काय बोलली ते लिहीत नाही. बाहेर काढून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजतो. आता उन्हाशिवाय इलाज नाही, म्हणून गॅलरीत टॉवेलवर ठेवून ऑफिसला गेलो. तीन वाजता सर आली. मी साहेबांसमोर फाइल घेऊन उभा होतो. यात माझा दोष शून्य.

१२ सप्टेंबर
दुरुस्तीवाल्याकडे. बोळातलं छोटं दुकान, टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग. त्याने काही न विचारता कॅमेरा उघडला आणि चिमट्याने तांदळाचे दाणे काढून पांढऱ्या कागदावर मांडले. एकापुढे एक, अकरा. मी मोजत होतो, कारण त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आतली सर्किटची पाटी गंजून हिरवी पडलेली, तांदळाच्या पिठाचा थर वेगळा.
मी झालेलं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, पाण्याने फार काही केलं नव्हतं. बॅटरी काढून, पुसून, नुसता पडू दिला असता तर बहुतेक वाचला असता. तळ्याने एक मिनिट घेतलं, पुढचे तीन दिवस तुम्ही घेतले.
कोणाचा आहे, असं त्याने विचारलं. मित्राचा, म्हटलं. का म्हटलं कोणास ठाऊक.

१३ सप्टेंबर
उपाय सापडला. अगदी असाच जुना कॅमेरा कुठूनतरी मिळवायचा. दादाला कुठे दिसतंय, त्याला फरक
वाक्य अर्धंच ठेवतो.

१४ सप्टेंबर
आज सांगणार होतो. पावसाने अडवलं. पाऊस नव्हता, पण येईलसं वाटत होतं. हिने विचारलं, दादांकडे मी येऊ का सोबत? नको म्हटलं. मग तिने कॅमेरा पुसून कापडी पिशवीत घातला आणि पिशवी माझ्या बुटांवर ठेवली. बूट घालायचे तर ती उचलावीच लागेल.

१५ सप्टेंबर
गेलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं: काठ निसरडा होता, कॅमेरा पाण्यात गेला, प्रयत्न झाले, यश आलं नाही. कुठेही 'मी' येत नव्हता.
दादाने पिशवीतून कॅमेरा काढला. सुटलेल्या रबरावरून अंगठा फिरवला. कानाशी नेऊन हलवला. वास घेतला. मी पाठ केलेलं म्हणायला लागलो आणि 'काठ निसरडा होता' च्या पुढे जाईना. मग म्हटलं, माझ्या हातून पडला. मग मीच तो खराब केला. आठवडाभर तुझ्याशी खोटं बोललो.
वहिनी आतून चहा आणता आणता थांबल्या.
दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "तू बघितलीस का पिल्लं?"
मी आठवून बघितलं. दोनदा तळ्यावर गेलो. पहिल्यांदा पिशवी, रबरबँड, वाफ. दुसऱ्यांदा शेवाळ. पाण्याकडे मान वर करून बघितलंच नाही. नाही, म्हटलं.
त्याने कॅमेरा पुन्हा पिशवीत घातला, बंद नीट बांधले. म्हणाला, मग उद्या मला घेऊन चल.

१६ सप्टेंबर
पाचला उठलो. दादा साडेपाचला तयार होऊन पायरीवर बसला होता, स्वच्छ शर्ट घालून. हाताला धरून तळ्यावर नेलं. बाकावर बसलो.
टिबुकल्या होत्या. पाठीवर कोणी नव्हतं. पिल्लं आपापली पोहत होती, बुडत होती, भलतीकडेच वर येत होती. पाठीवर आहेत म्हणून सांगावं, असं एकदा मनात आलं. नाहीत, असं सांगितलं. बरं, म्हणाला.
थोड्या वेळाने म्हणाला, काय दिसतंय?
फार सुंदर आहे, मी म्हटलं.
"सुंदर नको सांगू. दिसतंय ते सांग."
सांगायला लागलो. पाणी मातकट. पलीकडे गवत, अलीकडे गवत. एक पक्षी. तपकिरी. छोटा. आता नाही. आता आहे. दुसरा. तोही तपकिरी. दादा डोळे मिटून ऐकत होता.
पाच मिनिटांत माझ्याकडचं सगळं सांगून संपलं. दादा अजून वाट बघत होता.